छत्तिशीतला प्रॉप: हलमधल्या त्या वादाबद्दल

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "वर्षभरापूर्वी नोकरीसाठी इंग्लंडमधल्या हल शहरात आलो. कामावर दोन सहकारी हल किंग्स्टन रोव्हर्स या रग्बी लीग क्लबचे जन्मापासूनचे चाहते आहेत आणि रोज एकाच गोष्टीवरून भांडतात. २०२५च्या हंगामासाठी क्लबने सिडनीहून छत्तीस वर्षांचा फॉरवर्ड आणला. एक म्हणतो, तो आला म्हणून तीन चषक आले. दुसरा म्हणतो, संघ आधीच तयार होता. म्हाताऱ्या खेळाडूवर पैसे आणि परदेशी खेळाडूची एक जागा घालवली, जिंकल्यामुळे चूक झाकली गेली. मला क्रिकेट आणि कबड्डी कळते, यातलं काही कळत नाही. कोणाचं बरोबर?"

मी यॉर्कशायरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. वीसेक वर्षं झाली, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवार-रविवार रग्बी लीगच्या मैदानावर जातात. बहुतेक काम हौशी क्लबांत केलं, मधली काही वर्षं व्यावसायिक खेळाडूंसोबतही. ज्या शरीरांवरून चाहते वाद घालतात, ती शरीरं सोमवारी सकाळी माझ्यासमोर टेबलावर पडलेली असतात. त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत.

आधी निकाल सांगते. करार योग्य होता. पण तो योग्य का होता, हे तुमच्या पहिल्या सहकाऱ्यालाही नीट सांगता आलेलं नाही. तीन चषक (बाद पद्धतीचा चॅलेंज कप, सुपर लीग या सर्वात वरच्या श्रेणीच्या साखळीतला पहिला क्रमांक, आणि त्या लीगचा विजेता ठरवणारी ग्रँड फायनल) हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. मोसम संपल्यावर चषक मोजून कुठलाही करार शहाणपणाचा ठरवता येतो. हा करार सही झाली त्या दिवशीच योग्य होता, आणि रोव्हर्स एकही चषक न जिंकता हरले असते तरी मी हेच म्हटलं असतं.

खेळाडू कोण ते पाहू. जॅरेड वेरेआ-हारग्रीव्ह्ज, जन्म १९८९, न्यूझीलंडमधलं रोटोरुआ. ऑस्ट्रेलियात मॅनलीकडून सुरुवात केली आणि २०१०पासून २०२४पर्यंत सलग सिडनी रूस्टर्स. त्या क्लबसाठी ३००हून जास्त सामने, म्हणजे क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. २०१३, २०१८ आणि २०१९ अशी ऑस्ट्रेलियन लीगची तीन विजेतेपदं. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचा जुना खांब. आणि हेही खरं की शिस्तपालन समितीपुढे इतक्या वेळा उभा राहिलेला खेळाडू त्याच्या पिढीत क्वचितच सापडेल. रोव्हर्सने त्याला एका वर्षासाठी घेतलं. या "एका वर्षासाठी"वर मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता तुमच्यासाठी थोडा खेळ. रग्बी लीगमध्ये तेरा खेळाडू असतात, त्यातले सहा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत भिडणारे. आठ आणि दहा नंबरचे दोघे प्रॉप, सगळ्यात जड गडी. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे सहा पकडी मिळतात. सहाव्यांदा पकडले गेले की चेंडू समोरच्याकडे जातो. तुमच्या कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. इथे पकड झाली की पकडलेल्याने उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवायचा आणि खेळ पुढे चालू. बचाव करणाऱ्यांनी तोवर दहा मीटर मागे जायचं असतं. सगळा सामना या उठण्याच्या दोन-तीन सेकंदांवर फिरतो. पकडलेला झटकन उठला तर बचावाची रांग अजून मागेच धावत असते, आणि पुढच्याला मोकळी जागा मिळते. त्याला खाली दाबून धरता आलं तर रांग लागलेली असते आणि हल्ला भिंतीवर आदळतो.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. घरात तालमीची परंपरा होती, त्यामुळे हा भाग मला पहिल्या दिवशीच कळला. एक जण छातीशी भिडतो, दुसरा चेंडूवरचा हात बांधतो, तिसरा खाली पट काढतो. मग ताबा. समोरच्याला पाठीवर पाडायचं, म्हणजे त्याला उठायला वेळ लागतो. आणि आपण पडताना पोटावर, कोपर-गुडघ्यांवर पडायचं, म्हणजे आपण लगेच उठतो. मोठे क्लब यासाठी कुस्तीचे प्रशिक्षक ठेवतात. पंच ओरडायच्या आत किती वेळ दाबून धरता येतं, शरीराचा कोन कसा ठेवला तर पाठीवर पडणार नाही, हे पुस्तकात शिकता येत नाही. मैदानात मार खाऊनच ते येतं, आणि यायला दहा वर्षं लागतात.

म्हणून "छत्तीस वर्षांचा" हा आकडा प्रत्येक जागेसाठी सारखा वाचायचा नाही. कडेने धावणारा विंगर छत्तिशीत संपलेला असतो, कारण वेग सर्वात आधी जातो. ताकद खूप उशिरा जाते. प्रॉपचं काम ताकदीचं, कोनांचं आणि डोक्याचं आहे, आणि तो ऐंशी मिनिटं खेळतही नाही. बाकावर चार खेळाडू असतात आणि सुपर लीगमध्ये सामन्यात आठ वेळा अदलाबदल करता येते. प्रॉप साधारण वीस-पंचवीस मिनिटं खेळतो, बाहेर बसतो, दुसऱ्या डावात परत येतो. पहिल्या वीस मिनिटांत दोन्ही बाजूंची मोठी माणसं ताजी असतात आणि एकमेकांवर पूर्ण वेगाने आदळतात. ती वीस मिनिटं कोण जिंकतं त्यावर मागच्या चपळ पोरांना पुढचा तासभर कसला खेळ मिळणार हे ठरतं. त्या वेळी प्रॉपच्या नावावर एकही ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे चार गुण) लागत नाही, आणि धावफलक बघून वाद घालणारे नेमके इथेच चुकतात.

वय दिसतं ते सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. विशीतला पोरगा रविवारी दुखतंय म्हणतो आणि मंगळवारी धावतो. छत्तिशीतल्याचे पोटरीचे स्नायू, टाच, खांदा बुधवारपर्यंत बोलत असतात. म्हणून त्याचा आठवडा वेगळा आखावा लागतो: अंगावर येण्याचा सराव कमी, सायकल आणि तरणतलाव जास्त, आणि मधूनमधून एखादा सामना विश्रांती. ज्या क्लबला हे परवडतं, म्हणजे ज्याच्याकडे त्याच्या जागी उभा करायला दुसरे चार प्रॉप आहेत, त्यानेच असा खेळाडू घ्यावा.

आता रोव्हर्सकडे काय होतं ते बघा. २०२०मध्ये हा क्लब तळाला होता. त्या वर्षी खालच्या श्रेणीत जाणं रद्द झालं म्हणून वाचला. २०२३मध्ये विली पीटर्स या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाच्या हाताखाली लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि ली (Leigh) या क्लबकडून १७-१६ असा, जादा वेळेतल्या एका ड्रॉप गोलने (चेंडूला टप्पा देऊन मारलेली एका गुणाची किक) हरला. २०२४मध्ये पहिल्यांदाच ग्रँड फायनल गाठली आणि विगनकडून ९-२ने हरला. लागोपाठ दोन वर्षं, दोन मोठे सामने, दोन्ही घासून गेलेले. मिकी लुईससारखा हलचाच पोरगा २०२४चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. एलियट मिंचेला, डीन हॅडली, जेम्स बॅचलर, सौआसो सू असे कसलेले फॉरवर्ड पुढच्या फळीत उभे. अशा घराला भिंती बांधणारा नको असतो. शेवटच्या दहा मिनिटांत एका गुणाचा फरक असताना हात थरथरू न देणारा माणूस हवा असतो, ज्याने असे सामने आधी जिंकलेले आहेत. क्लबने त्याच वर्षासाठी हूकर (दोन प्रॉपच्या मधला फॉरवर्ड) मायकल मॅकइलोरमलाही घेतलं, तोही छत्तिशी ओलांडलेला. म्हणजे हे एखाद्या मोठ्या नावाच्या मोहात पडून झालेलं नव्हतं. नक्की काय कमी पडतंय हे ओळखून तेवढंच आणलं होतं.

तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचा "संघ आधीच तयार होता" हा मुद्दा म्हणूनच मला पटतो, फक्त त्यातून तो उलटा निष्कर्ष काढतोय. संघ तयार होता म्हणूनच हा खेळाडू घेणं योग्य होतं.

याची दुसरी बाजू याच क्लबने, याच मैदानावर पाहिलेली आहे. जेमी पीकॉक हा इंग्लंडच्या सर्वोत्तम प्रॉपपैकी एक. २०१५मध्ये सदतिशीत लीड्सकडून तिन्ही चषक जिंकून त्याने निवृत्ती घेतली. त्या वर्षीच्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात लीड्सने ५०-०ने धुतलेला संघ कोणता होता, तर रोव्हर्स. पुढच्या वर्षी पीकॉक रोव्हर्समध्ये व्यवस्थापनाच्या कामावर आला. संघ दुखापतींनी पोखरला होता, क्लब खाली घसरत होता, आणि २०१६च्या उन्हाळ्यात अडतीस वर्षांच्या पीकॉकने पुन्हा बूट चढवले. मनापासून खेळला. पण शेवटी सॅलफर्डविरुद्ध, हरणारा खालच्या श्रेणीत जाणार असा सामना आला. रोव्हर्स आठ गुणांनी पुढे होते. शेवटच्या मिनिटांत बरोबरी झाली आणि जादा वेळेत एका ड्रॉप गोलने १९-१८ असे हरले. क्लब सुपर लीगमधून बाहेर गेला. त्या संध्याकाळी क्रेव्हन पार्क या रोव्हर्सच्या मैदानावरून परतणारी प्रौढ माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती.

पीकॉक कमी पडला असं मला म्हणायचं नाही. त्याचा अनुभव जॅरेडपेक्षा काकणभर जास्तच होता. पण गळक्या छपराला एक सागवानी तुळई लावून पाऊस थांबत नाही. अनुभवी फॉरवर्ड हा शेवटचा तुकडा म्हणून आणायचा असतो.

आणि हलच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण तुमच्या सहकाऱ्यांपुढे काढलंत तर दोघेही तोंड वाकडं करतील, तरी काढा. नदीच्या पश्चिमेला हल एफ.सी. राहतो, जुना मासेमारांचा भाग. पूर्वेला गोदी कामगारांचे रोव्हर्स. इथे लग्नं दोन्हीकडून जुळतात पण चहाचे कप वेगळे ठेवतात, असं मी स्वतः एका घरात पाहिलंय. त्या एफ.सी.ने २०१३मध्ये ऑस्ट्रेलियाहून गॅरेथ एलिसला आणलं, वय एकतीस-बत्तीस. पहिल्याच वर्षी वेम्बलीवर विगनपुढे १६-०ने हार. तेव्हाही हाच वाद पेटला होता. २०१६मध्ये त्याच एलिसच्या नेतृत्वाखाली एफ.सी.ने वॉरिंग्टनला १२-१० हरवून वेम्बलीवरचा आपला पहिला विजय मिळवला. वेम्बलीवर जिंकता येत नाही म्हणून पूर्व हलने त्यांना पिढ्यान् पिढ्या चिडवलं होतं. तो करार चांगला की वाईट, याचं उत्तर पहिल्या हंगामानंतर एक आलं असतं आणि चौथ्यानंतर दुसरंच. एलिसला वेळ देता आला कारण तो तिशीच्या सुरुवातीला होता. छत्तिशीत ही सवलत नसते, म्हणून करारही एका वर्षाचाच हवा.

आता त्या "एका वर्षा"कडे. क्लब चुकतात ते बहुतेक वेळा वयामुळे चुकत नाहीत, मुदतीमुळे चुकतात. दुसऱ्या क्लबला जाऊ नये म्हणून घाबरून दोन-तीन वर्षांची सही देतात. मी एका क्लबसाठी काम करत असताना असाच एक अनुभवी फॉरवर्ड तपासायला माझ्यासमोर आला. गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपलेली. मी लिहून दिलं की हा माणूस एक हंगाम, तोही सांभाळून, खेळू शकेल. दुसऱ्याची खात्री देऊ नका. करार दोन वर्षांचा झाला. पहिल्या वर्षी त्याने सुंदर खेळ केला आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या वर्षी त्याला जिना उतरता येत नव्हता, आणि त्याच्या पगारात अडकलेल्या पैशामुळे क्लबला दोन तरुण पोरं सोडावी लागली. मला त्या हसण्याचं काही वाटत नाही. त्या दोन पोरांचं अजून वाटतं. सुपर लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे, २१ लाख पौंडांची. एक नाव चुकलं की कुणाचं तरी पोट कापलं जातं.

परदेशी खेळाडूच्या जागेचा मुद्दा दुसऱ्या सहकाऱ्याने काढलाय तो हलका घेऊ नका. २०२५मध्ये प्रत्येक क्लबला अशा सात जागा होत्या. २०२६पासून त्या दहा झाल्या. सातांत एक छत्तिशीतल्या प्रॉपला देणं ही खरी किंमत होती. पण "स्थानिक पोराची जागा गेली" हे इतकं सरळ नसतं. हौशी क्लबात मी एक प्रसंग पाहिलाय. मोठ्या पातळीवर खेळून आलेला, चाळिशीला टेकलेला एक प्रॉप आमच्याकडे आला. एकोणीस वर्षांचा एक दांडगा पोरगा होता, डोकं खाली घालून भिडायचा आणि दर वेळी पाठीवर पडायचा. म्हाताऱ्याने त्याला चार महिन्यांत एकच गोष्ट शिकवली: आदळायच्या आधीचं शेवटचं पाऊल छोटं ठेवायचं आणि खांदा वळवायचा. बास. तालमीत वस्ताद सगळे डाव शिकवत नाही. पोराच्या अंगाला कुठला डाव बसतो ते ओळखतो आणि तोच घोटून घेतो. पुढच्या हंगामात त्या पोराला मोठ्या क्लबने उचललं. म्हणून जागा कोणाची गेली एवढं विचारून थांबू नका. त्याच्या शेजारी सरावाला कोण उभा आहे, तेही बघा. शेजारी कोणी तरुण नसेल तर दुसरा सहकारी शंभर टक्के बरोबर.

शिस्तीचं काय? ही माझ्याही मनातली खरी शंका होती. डोक्याला लागणाऱ्या टॅकलवर इंग्लंडमध्ये आता कडक कारवाई होते, आणि जॅरेडची सगळी कारकीर्द काठावरच्या टॅकलची. प्रॉप बंदीमुळे बाहेर बसला तर त्याचा अनुभव गॅलरीत बसतो. हा धोका क्लबने डोळे उघडे ठेवून घेतला. माझ्या मते तो घेण्याजोगा होता, पण केवळ मागे भरपूर फॉरवर्ड होते म्हणून.

या कडक नियमांबद्दल चाहते कुरकुरतात, "खेळ मवाळ झाला" म्हणतात, तेव्हा मला राग येतो. अनेक माजी खेळाडूंनी मेंदूच्या दुखापतींवरून खेळाच्या नियामक संस्थेविरुद्ध कायदेशीर दावा केला आहे. त्यात माझ्या वयाची माणसं आहेत. पंधरा-सोळा हंगाम पूर्ण वेगाने आदळलेल्या माणसाला आणखी एक हंगाम खेळायला बोलावताना क्लबच्या डॉक्टरने फक्त खांदा आणि गुडघा तपासून भागत नाही. झोप कशी आहे, विसरायला होतं का, घरी चिडचिड वाढली आहे का, हे खेळाडूला विचारायचं आणि त्याच्या बायकोलाही विचारायचं. ती जास्त खरं सांगते. अनुभवी फॉरवर्डच्या करारावर बोलणाऱ्यांपैकी फार थोडे हा विचार करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढचं तुम्ही जाणताच. जून २०२५मध्ये वेम्बलीवर वॉरिंग्टन ६-२ने पुढे, दोनच मिनिटं उरलेली, टॉम डेव्हिसचा ट्राय, मिकी लुईसची दोन गुणांची किक, ८-६. चाळीस वर्षांतला क्लबचा पहिला मोठा चषक. मग साखळीत पहिला क्रमांक, त्याचाही चषक. मग ऑक्टोबरमध्ये ग्रँड फायनलला, ओल्ड ट्रॅफर्डच्या फुटबॉल मैदानावर, ज्या विगनने आदल्या वर्षी हरवलं त्यालाच २४-६. १९८५पासून रिकामं असलेलं कपाट एका वर्षात भरलं. आणि जॅरेडने ठरल्याप्रमाणे खेळ थांबवला.

वेम्बलीचा ट्राय विंगरचा, किक स्थानिक पोराची. वृत्तपत्रांनी तेच छापलं, बरोबरच आहे. पण अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला चार गुणांनी मागे असलेला संघ घाबरला नाही, चेंडू उगाच फेकला नाही, सहा टॅकल नीट मोजून खेळला. आदल्या दोन वर्षांत हेच जमलं नव्हतं. यात त्या एका माणसाचा वाटा किती, हे मोजायचं साधन कुणाकडे नाही. पीटर्सचं प्रशिक्षण आहे, २०२३ आणि २०२४ची जखम आहे, मिंचेलासारखा कर्णधार आहे. "तो आला म्हणून जिंकलो" असं म्हणणाऱ्याला मी म्हणूनच पूर्ण गुण देत नाही.

आता क्रेव्हन पार्कवर जाल तेव्हा पूर्वेकडच्या उभ्याच्या स्टँडची तिकिटं काढा, दोघांनाही सोबत न्या. पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघू नका. रोव्हर्सचा प्रॉप पकडला गेला की तो पोटावर पडतो की पाठीवर, आणि उठायला किती वेळ घेतो, तेवढंच मोजा. तो बाहेर गेल्यावर त्याच्या जागी जो पोरगा येतो त्याचंही मोजा. मग दोघांपैकी जो कोणी पुढचा अनुभवी खेळाडू आणायचा की नाही यावर तावातावाने बोलेल, त्याला तुमचे दोन आकडे दाखवा.